व्यायाम आणि आजारपणाची रजा: आधी काय, नंतर काय?

व्यायाम करणारे कर्मचारी आजारपणाची रजा कमी घेतात, असं आपण नेहमी ऐकतो. आकडेही तसंच सांगतात. नेदरलँड्समधला २०१० सालचा एक अभ्यास पाहा. कामावर सायकलने जाणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा इतरांपेक्षा वर्षाला सरासरी एका दिवसाहून अधिक कमी निघाल्या. पण सायकलमुळे माणूस धडधाकट राहिला, की धडधाकट होता म्हणून सायकलवर बसला? आज आपण हाच प्रश्न सोडवायचा आहे.

त्यासाठी लंडनला जाऊ या. १९५३ मध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस दुमजली; बेस्टची जुनी डबलडेकर डोळ्यांपुढे आणा. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर सतत जिन्यावरून वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला. श्रेय जिन्याला द्यावं, असं कुणालाही वाटेल. पण मॉरिस आणि त्यांचे सहकारी तिथेच थांबले नाहीत. त्यांनी गणवेशांची मापं तपासली. १९५६ मध्ये त्यांनी दाखवलं की ड्रायव्हरांच्या पँटची कंबर मोठी होती, आणि तीही अगदी तरुण वयापासून. म्हणजे काही फरक नोकरीत येतानाच सोबत आलेला असू शकतो.

मग हा गुंता सोडवायचा कसा? चिठ्ठ्या टाकून. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांमधून चिठ्ठी पद्धतीनेच काहींना आरोग्य योजनेत बोलावलं. भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना केली, तर योजना फारच गुणकारी वाटत होती. बोलावलेले आणि न बोलावलेले अशी तुलना केल्यावर मात्र आजारपणाच्या रजेत ठळक फरक उरला नाही. मुळातच निरोगी असलेली मंडळी योजनेत जास्त आली होती.

म्हणजे व्यायाम निरुपयोगी, असं नव्हे हं! आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला कायम आहे. आपला मुद्दा वेगळा आहे. रजा जास्त झालेल्या माणसाला 'तू व्यायाम करत नाहीस' म्हणून दोषी ठरवायला हे आकडे पुरत नाहीत. त्याचा गुडघा आधीच दुखत असेल, रात्रपाळी असेल. उलट, रजा कमी म्हणजे तब्येत चांगली असंही नाही; पगार कापला जाईल या भीतीने ताप अंगावर काढणारेही असतात.

तेव्हा ऑफिसात कुणी असा आकडा दाखवला, की आपण एवढंच विचारायचं: तुलना कोणाची कोणाशी केली?