दिवा सर्वांत शेवटी

घरात समुद्री प्रवाळांची टाकी मांडायचं ठरलं की खरेदीची यादी बहुधा दिव्यापासून सुरू होते. निळसर एलईडीखाली उजळलेले प्रवाळ पाहूनच हा छंद जडतो, तेव्हा त्यात नवल नाही. पण दिवा कमी ताकदीचा निघाला तर प्रवाळ सावकाश वाढतील. पाणी बिघडलं तर ते एका रात्रीतही जाऊ शकतात. म्हणून यादी उलटी करावी. पाण्याचा खारटपणा आणि तापमान धरून ठेवणाऱ्या वस्तूंवर आधी पैसे घालावेत आणि उरतील त्यात दिवा बसवावा.

खारटपणाचा हिशेब फसवा असतो. टाकीतून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. मीठ मागे राहतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. २०० लिटरच्या टाकीतून रोज ४ लिटर पाणी उडालं आणि आठवडाभर कुणी पाहिलंच नाही, तर हे प्रमाण ४० ग्रॅमच्या पुढे जातं. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याची हवी, आणि तेही नळाचं नको, कारण त्यातलं फॉस्फेट टाकीत साचत जातं. स्वयंपाकघरातला आरओ आहेच की, असं वाटेल. पण पिण्याच्या पाण्याच्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी क्षार पुन्हा मिसळलेले असतात. इथे आरओनंतर उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून काढलेलं पाणी लागतं. पातळी उतरताच ते आपोआप सोडणारा फ्लोट स्विच आणि खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर या तुलनेने स्वस्त वस्तू, पण दिव्याच्या झगमगाटात नेमक्या त्याच राहून जातात.

तापमानाचं त्रांगडं आपल्याकडे जास्त. प्रवाळांना २५-२६ अंश मानवतात. पाणी बराच काळ तिशीच्या वर राहिलं तर पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारं शैवाल ते बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. पाण्यावर पंखा सोडण्याचा उपाय नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कामी येतो, मुंबईच्या दमट हवेत फारसा नाही, हे कूलर वापरणाऱ्या कुणालाही पटेल. शिवाय पंख्याने बाष्पीभवन वाढतं, म्हणजे खारटपणाचा प्रश्न पुन्हा दारात. बहुतेक शहरांत चिलर घ्यावाच लागतो. वीज गेली की तोही थांबतो, पण पाणी तापण्याआधी प्राणवायू संपतो. म्हणून निदान प्रवाह देणारा एक पंप इन्व्हर्टरवर हवा.

एवढा खर्च टाळायला टाकीच लहान घ्यावी, असा एक युक्तिवाद होतो. ४० लिटरची टाकी विकत घ्यायला स्वस्त पडते, सांभाळायला मात्र अवघड, कारण २ लिटर पाणी उडालं की तिथे पाच टक्के पाणी कमी झालेलं असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: समुद्र तरी कुठे स्थिर असतो? मालवणच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ पावसाळ्यातला गढूळपणा दरवर्षी सोसतातच. खरं आहे. पण ते त्याला सरावलेले आहेत, आणि अफाट पाण्यात बदल हळूहळू मुरतो. दुकानातून आलेल्या प्रवाळाला यातलं काहीच लाभत नाही.

टाकीत प्रवाळ ज्यावर बसवायचे त्या खडकांबाबत कायदाही आठवावा. आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी ते हलवायलाही परवानगी घ्यावी लागली. तेव्हा किनाऱ्यावरून तोडून आणलेला ‘जिवंत’ खडक नको, कोरडा घ्यावा. त्यावर अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे, कधी जास्तही लागतात. हा काळ वाया जात नाही. चिलर, पंप, फ्लोट स्विच यांची परीक्षा तेव्हाच घ्यावी, एखाद्या दुपारी मेन स्विच मुद्दाम चार तास बंद ठेवून इन्व्हर्टर किती तग धरतो तेही पाहावं; टाकीत तोवर ना मासा असतो, ना प्रवाळ.