बाटलीवरची चिठ्ठी आणि आतली बियर

मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येस रेणापूरच्या शिवारात आंबिलाची मडकी पोहोचतात. ज्वारीचे पीठ व ताक यांचे हे पेय सकाळी जेवढे आंबट, तेवढेच तिसऱ्या प्रहरी राहत नाही, हे तिथल्या गृहिणीस कोणी शिकवावे लागत नाही. मडक्यावर चिठ्ठी नसते, म्हणून कोणाची फसगतही होत नाही.

लहान भट्ट्यांतून निघणाऱ्या बियरची गोष्ट निराळी. मोड आणून वाळवलेल्या जवातील साखरेपासून यीस्ट मद्यार्क व कर्बवायू निर्माण करते. मोठे कारखाने बाटल्या सुमारे 60 अंशांपर्यंत तापवून यीस्ट मारतात. ही पाश्चरचीच रीत. लहान भट्टीवाले चव बिघडेल या धास्तीने पुष्कळदा ते टाळतात. सामान्य यीस्टला न पचणाऱ्या शर्करा ‘डायास्टॅटिकस’ नावाच्या प्रकारास मात्र पचतात. तो चुकून शिरला, की बूच लागल्यावरही त्याचे काम चालूच. गोडी ओसरते, मद्यार्क वाढतो, फेस उसळतो, क्वचित काचही फुटते. अमेरिकेतील कोलोरॅडो प्रांतातल्या एका भट्टीस 2016 साली याच कारणाने माल परत मागवावा लागला होता.

भारतीय नियमांप्रमाणे 5 टक्क्यांपर्यंत सौम्य बियर, त्यापुढे 8 पर्यंत तीव्र. साडेचारचा आकडा मिरवणारी बाटली अशा रीतीने कोणाच्या लबाडीवाचून ही वेस ओलांडू शकते. पिणारा हिशेब करतो तो चिठ्ठीवरून. वाहनचालकास कायदा लागतो तो मात्र रक्तावरून, 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम.