सुवर्णमत्स्याचे सहचर
सुवर्णमत्स्य (गोल्डफिश, कॅरॅसियस ऑरेटस) हा सायप्रिनिडी कुलातील, मूळचा चीनमधील मासा होय. जलजीवालयातील त्याचे सोबती केवळ रंगरूपावरून निवडणे घातक ठरते. त्यास सुमारे १८°–२२° से. तापमानाचे पाणी मानवते. डिस्कससारख्या उष्ण कटिबंधीय माशांना अधिक उबदार पाणी लागते. तोंडात मावणारे लहान मासे तो गिळतो, तर टायगर बार्ब त्याच्या लांब परांचे लचके तोडतो. त्याच्या कल्ल्यांवाटे बाहेर पडणाऱ्या अमोनियामुळे पाणी लवकर दूषित होते. म्हणून सोबती वाढविण्यापूर्वी टाकी प्रशस्त व गाळणीयुक्त असावी. स्वजातीय मासेच त्याचे उत्तम सहचर होत. तथापि तेही समान चपळाईचे असावेत. कारण चपळ कॉमेट प्रकाराबरोबर ठेवलेला मंदगती ओरांडा अन्न मिळविण्यात मागे पडून उपाशी राहतो.