गावच्या अंदाजपत्रकातली जमेची बाजू



कारखान्याची वार्षिक सभा आली की आपण अहवालाचं पान न् पान उलटतो. तोडणी-वाहतुकीचा टनामागचा खर्च गेल्या सालापेक्षा का वाढला, हे विचारायला माणूस हात वर करतोच, आणि करावाही. पण त्याच माणसाला विचारा, की बाबा, तुझ्या गावच्या ग्रामपंचायतीचं यंदाचं अंदाजपत्रक किती रुपयांचं? तो इकडंतिकडं पाहू लागतो. म्हणून या अंकात उसाचा विषय थोडा बाजूला ठेवून गावच्या हिशेबाविषयी चार गोष्टी लिहाव्यात असे आम्ही ठरविले. सरकारी पैशाचा ओघ गेल्या काही वर्षांत बदलला आहे आणि त्याची झळ सरपंचाला नव्हे, आपल्याच उंबऱ्याला लागते.

आधी बाहेरून येणारा पैसा पाहू. २०१५ ते २०२० या पाच वर्षांत १४ व्या वित्त आयोगाचा निधी आला, तो सगळाच्या सगळा ग्रामपंचायतींना. देशभरासाठी ही रक्कम २ लाख २९२ कोटी रुपये ठरली होती. मध्ये वाटेकरी नाही. गावोगावचे कितीतरी सिमेंटचे रस्ते आणि गटारी त्याच पैशातून झाल्या. १५ व्या आयोगाने ही रीत बदलली. २०२० पासून महाराष्ट्रात १०० रुपयांतले ८० ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला आणि १० जिल्हा परिषदेला अशी वाटणी झाली. शिवाय पैशाला दावं बांधलं. पहिल्या साली निम्मा, आणि २०२१-२२ पासून १०० तले ६० रुपये 'बंधित', म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांखेरीज कशालाही वापरायचे नव्हते. बाकीचे ४० 'अबंधित', पण त्यातूनही पगार व आस्थापनेचा खर्च करायचा नव्हता.

कागदावर रक्कम घटलेली दिसत नाही. २०२१ ते २०२६ साठी देशाचा आकडा २ लाख ३६ हजार ८०५ कोटींचा होता. पण हा आकडा तिघांचा, आणि दरम्यान सिमेंट, लोखंड, मजुरी कुठच्या कुठं गेली. आता हिशेबाच्या सोयीसाठी समजा, एका गावाला जुन्या रीतीने वर्षाला १० लाख मिळत. तेवढीच रक्कम नव्या वाटणीत आली तर गावाच्या हाती ८ लाख. त्यातले ४ लाख ८० हजार बांधलेले. गावानं आपल्या मनानं खर्चायचे राहिले ३ लाख २० हजार. म्हणजे दहाचे तीन झाले म्हणा ना!

आणि त्या तिनावरही दिव्यांचं बिल बसलं. पूर्वी गावच्या दिवाबत्तीची बिले शासनाकडून परस्पर भरली जात. खांबावरचा दिवा कुणाच्या पैशावर जळतो, याचा विचार गावानं कधी केला नव्हता. २०२१ साली वीज वितरण कंपनीने थकबाकीपोटी जोडण्या तोडल्या आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर राज्यातली कितीतरी गावं अंधारात गेली. सरपंचांनी ओरड केली. शासनाने सांगितले, वित्त आयोगाच्या निधीतून बिले भरा, दिवाबत्तीचे अबंधितमधून आणि पाणीपुरवठ्याचे बंधितमधून. दिवे लागले खरे, पण ज्या पैशातून रस्ता व्हायचा तो दिव्यात गेला.

जलजीवनच्या योजनांचं तेच. नळ घरोघर आले ही चांगलीच गोष्ट. पण मोठी टाकी म्हणजे मोठी मोटर, आणि मोठी मोटर म्हणजे मोठं बिल. योजना ताब्यात आल्यावर ती चालवायची गावानं. २०२५ साली केंद्राचा निधी वेळेवर न आल्याने राज्यात अनेक ठिकाणी हीच कामे अर्धवट थांबली होती, तेव्हा सरकारचा पैसा येईल या भरवशावर किती उड्या माराव्यात हेही लक्षात घ्यावे.

आता अंदाजपत्रकाचा कागद. ग्रामपंचायतीच्या लेखा-नमुन्यांत हा नमुना नंबर १. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. सगळे आधी खर्चाची बाजू वाचतात, आपल्या गल्लीचं काम धरलंय का ते पाहायला. आमचं म्हणणं, आधी जमेची बाजू वाचा. तिथं घरपट्टी-पाणीपट्टीची चालू मागणी आणि मागील थकबाकी, सगळीच्या सगळी वसूल होणार असं धरलेलं बऱ्याच ठिकाणी सापडेल. दहा-दहा वर्षं न भरलेली पट्टी यंदा मार्चअखेर येणार! त्या जिवावर कामं मांडायची, टाळ्या घ्यायच्या आणि दिवाळीनंतर 'निधी नाही' म्हणायचं. फुटवे मोजून कुणी उसाचं बिल धरतं का? उभा ऊस, तुटलेला ऊस आणि काट्यावर भरलेलं वजन यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. गेल्या तीन सालांत खरोखर किती पट्टी आली तो आकडा ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, मागावा आणि तेवढीच जमा धरावी. अंदाजपत्रक लहान दिसेल. दिसू द्या.

पट्टी थकविणाऱ्यांत सगळेच गरीब नसतात, हे इथं लिहिणं भाग आहे. गळितास दीडशे टन ऊस घालणाऱ्याच्या दोन मजली घराची पट्टी चार साल थकलेली असते आणि मजुरी करणारी विधवा बाई आपली भरून मोकळी असते. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत पट्टी भरली तर ५ टक्के सूट आहे, थकली की ५ टक्के दंड. सूट सोडून दंड घेण्यात कसली पाटीलकी? या पट्टीचा पैसा हाच काय तो गावाचा मोकळा पैसा. शिपायाचा पगार, पाणी सोडणाऱ्याचा पगार यांचा गावाच्या वाट्याचा भार त्याच्यावरच.

त्या मोकळ्या पैशातही काही वाटे कायम आहेत. स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. ओढाताणीच्या साली कात्री पहिल्यांदा इथंच लागते, कारण ही माणसं सभेत मोठ्यानं बोलत नाहीत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याचा नियम आहे. ती सभा खरोखर भरली की सह्या घरोघर फिरवल्या, एवढं आपल्या घरातल्या बाईमाणसाला विचारलं तरी पुष्कळ कळेल.

कात्री लावायचीच तर आमच्या मते स्वागत कमानीला लावावी, वाढीव सभामंडपाला लावावी. मोटरीची दुरुस्ती, पाण्याच्या टाकीतली पावडर, गटारीचा उपसा यांना नाही. नवं काम एक साल थांबलं तर कुणाचं अडत नाही. गढूळ पाणी आठ दिवस आलं तर दवाखान्याचं बिल घरपट्टीच्या कितीतरी पट होतं.

बंधित पैशाबद्दल एक सांगायचं राहिलं. हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गावाबाहेरच्या माळावर कोप्या पडतात आणि पुढले चार-पाच महिने ही माणसं आपल्याच शिवारात राबतात. त्यांच्या बायकांनी पहाटे अंधारात कुठं जायचं आणि पाणी कुठल्या नळावर भरायचं, हे कुठल्या अंदाजपत्रकात आहे? पाणी आणि स्वच्छता हेच तर बंधित पैशाचं काम. माळावर एक नळ आणि चार संडास यासाठी वेगळी योजना यायची वाट पाहायला नको, आराखड्यात घालायला हवं. आपल्या उसाला तोड आणणारी माणसं ती, तेव्हा ही मागणी सभेत आपणच मांडली पाहिजे.

शेवटी कारखान्याच्या बाजूचं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२५ मध्ये कारखान्यांकडून करांऐवजी ठोक अंशदान घेण्याची तरतूद आहे. ते ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत कारखाना उभा आहे तिच्यापुरतं. बाकीच्या गावांच्या वाट्याला येतात ती ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची चाकं आणि खचलेले रस्ते. त्या रस्त्यांचा भार कुणी किती उचलायचा, हा प्रश्न ग्रामसभेत जसा निघावा तसा आपल्या वार्षिक सभेतही निघावा. कुणी सभासद तो लेखी देईल तर पुढच्या अंकात छापू.