पदवीपर्यंत कोण पोहोचतो?

निजामी अमलात ज्या मुलुखातील तरुणास पदवीसाठी उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे, त्या मुलुखात १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि ज्ञानाचे दार लोहा-कंधारच्या मुलामुलींच्या अंगणापर्यंत आले. मात्र प्रवेशाचे आकडे वाढले की समता साधली, हा समज अपुरा आहे. प्रथम वर्षाच्या हजेरीपटावर नाव चढलेल्यांपैकी कोणत्या समाजातील, कोणत्या तालुक्यातील किती जण त्याच तुकडीबरोबर पदवी घेऊन बाहेर पडले, हा हिशेब प्रवेशाच्या आकड्यांत कधीच दिसत नाही.

याहून रूढ आणि माझ्या मते अधिक घातक समज असा, की मध्येच शिक्षण सोडणाऱ्याची कुवतच कमी असते. त्याचे खंडन दूर शोधावयास नको. ते लातुरात आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या नावांशी निगडित झालेला ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे काय? जादा तासिका, वारंवार सराव परीक्षा, उत्तरपत्रिकांची बारकाईने छाननी आणि प्रत्येक विद्यार्थ्यावर अध्यापकाची सतत नजर. तेथे निवडक विद्यार्थी येतात हे खरे. तथापि संस्थेने आपला शिरस्ता बदलला की निकाल बदलतो, ही गोष्ट या जिल्ह्याने बारावीच्या बाबतीत अवघ्या महाराष्ट्रास दाखवून दिली. तीच दक्षता पदवीच्या पहिल्या सत्रात, म्हणजे एक-दोन विषय राहून एटीकेटीचे ओझे साचू लागते नेमक्या त्या वेळी, का नसावी?

शुल्क माफ झाले की अडचण संपली, असेही मानले जाते. शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींचे शुल्क माफ केले, हा निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु एस.टी.चा अहिल्याबाई होळकर योजनेतील मोफत पास बारावीला संपतो, आणि पदवीसाठी रोज तालुक्याच्या गावी जाणाऱ्या मुलीचा खर्च तेथूनच सुरू होतो. मुखेड, जळकोट भागांतील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात. हिवाळी परीक्षाही त्याच सुमारास येते. अशा घरातील मुलाला वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर शुल्कमाफीचा कागद त्याला परीक्षागृहात आणू शकत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेस काढलेल्या महाविद्यालयाच्या, म्हणजे पुढील मिलिंदच्या, परिसरात वसतिगृहे उभी राहिली, ती हे वास्तव ओळखूनच.

उरला दर्जा घसरण्याचा आक्षेप. अमेरिकेतील जॉर्जिया राज्य विद्यापीठात सहा वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण २००३ मध्ये सुमारे ३२ टक्के होते. दशकभरात ते ५० टक्क्यांच्या वर गेले आणि कृष्णवर्णीय व अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांचे प्रमाण इतरांच्या बरोबरीस आले. यासाठी उत्तीर्णतेची पातळी खाली आणली गेली नाही. थोडक्या थकबाकीपायी नाव कमी होऊ घातलेल्यांना २०११ पासून छोटी अनुदाने देण्यात आली आणि पुढील वर्षापासून प्रत्येकाच्या प्रगतीची रोज पाहणी करून, कोणी मागे पडताच मार्गदर्शकाने स्वतः त्याला गाठावे, अशी व्यवस्था झाली. आपल्याकडील महाविद्यालयांना पहिल्या सत्राचा निकाल लागताच प्रवर्ग व तालुकावार यादी करून, ज्यांचे विषय राहिले त्यांना परीक्षेचा पुढील अर्ज भरण्यापूर्वी बोलावून घेण्यास कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.