मिरजेचा तानपुरा घेताना

आमच्या विहाराच्या कपाटात एक तानपुरा सहा वर्षे उभा होता. मंडळाचा खजिनदार मीच. कचेरीत जन्म गेलेला माणूस, त्यामुळे शिरस्त्याप्रमाणे तीन दरपत्रके मागवली, सर्वांत कमी दराचे मंजूर केले आणि पावती फाईलला लावली. वाद्य दिसायला मोठे देखणे होते. भोपळ्यावर पांढरी नक्षी, पॉलिश असे की तोंड पाहून घ्यावे. पहिल्याच पावसाळ्यात खुंट्या सरकू लागल्या. तार लावून मूल गायला बसले की चौथ्या मिनिटाला स्वर खाली. गाणे शिकायला आलेली सात-आठ मुले हळूहळू यायची बंद झाली. मंडळाच्या बैठकीत आम्ही ठराव लिहिला की, मुलांमध्ये गोडी नसल्यामुळे वर्ग स्थगित करण्यात येत आहे. गोडी मुलांमध्ये होती. दोष वाद्यात होता आणि वाद्य निवडणाऱ्या माझ्यात होता.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतले एक गृहस्थ रविवारच्या वंदनेनंतर थांबले. त्यांची चौदा वर्षांची मुलगी शास्त्रीय गाणे शिकते. गुरुजींनी सांगितले होते की, मोबाईलवरचा तानपुरा रियाजाला ठीक आहे, पण आता घरात खरा आणा. भिशीचे पंचवीस हजार आले होते. "दादा, तुम्ही मंडळाचा घेतला होता ना? तुम्हाला कळतं," असे ते म्हणाले. मला किती कळते हे त्यांना ठाऊक नव्हते. मी म्हटले, चला, यावेळी मिरजेला जाऊन बघूनच घेऊ.

मुलीच्या आजोबांचा मात्र विरोध होता. "गावकीची हलगी टाकली ती काय हे भोपळं वाजवायला?" असे त्यांनी विचारले. त्यांचा राग मला समजतो. गावकीत वाजवणे ही आपल्याकडे कला मानली गेली नाही, ती वेठ होती, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या माणसांनी ती झुगारली ते योग्यच झाले. पण वाद्य टाकले नव्हते, वेठ टाकली होती. आंबेडकरी जलशांनी ढोलकी आणि तुणतुणे हाती घेऊनच गावोगाव विचार पोहोचवला. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्यांचे व्हायोलिन पुण्याच्या सिम्बायोसिस संग्रहालयात आजही पाहता येते. काहीजण म्हणतात, धम्मात संगीत वर्ज्य आहे. तो नियम उपोसथाच्या दिवशी पाळायच्या अष्टशीलांतला आहे, आपल्या रोजच्या पंचशीलातला नाही. आणि आजोबांना मी एवढेच म्हटले की, आबा, तुम्ही तरुणपणी कलापथकात तुणतुणे धरायचात. शाहिराच्या मागे जे काम तुणतुणे करते, तेच काम खाँसाहेबांच्या मागे तानपुरा करतो. गाणाऱ्याला पायाखाली जमीन देतो. ते काही बोलले नाहीत, पण सकाळी टोपी घालून सर्वांच्या आधी स्टेशनवर हजर होते.

कोल्हापूरहून मिरज रेल्वेने सुमारे पन्नास किलोमीटर. स्टेशनवरून रिक्षाने सतारमेकर गल्लीत उतरलो. ही गल्ली म्हणजे एक इतिहासच आहे. इथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाले घडवणारे आणि त्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमलात शस्त्रांची मागणी संपली आणि हातातली कला रिकामी झाली. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोहिनुद्दीन यांनी तानपुरे घडवायला सुरुवात केली, मिरज संस्थानच्या पटवर्धनांनी त्यांना आश्रय दिला, आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या हा धंदा इथे चालू आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहत. १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांना इथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केले. खाँसाहेब तानपुऱ्याच्या दुरुस्तीतही तरबेज होते. भगवंतांनी उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे. शिकलगारांनी तो पोटाच्या गरजेने सोडला, धम्म म्हणून नव्हे. तरीही तलवारीवरून तारेवर आलेली ही गल्ली पाहून मला बरे वाटले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आता निवडण्याबद्दल. आम्ही ज्या वृद्ध कारागिरांकडे गेलो, त्यांनी वाद्य दाखवण्याआधी मुलीला गायला लावले. "बेटी, सा लाव." तिने लावला. "काळी चार," ते म्हणाले, आणि मोठ्या तानपुऱ्यांकडे वळून न पाहता लहान आकाराचे तीन खाली काढले. पुरुषांचा तानपुरा मोठा, साधारण काळी एकच्या आसपासच्या खालच्या स्वरासाठी. बायकांचा लहान, काळी चार-पाचसाठी. मोठा घेतला तर जास्त वाद्य मिळाले असा आपल्याकडे समज असतो. पण खालच्या स्वराच्या वाद्याला वर ताणले की तारा तुटतात आणि ताण तबलीवर येतो. म्हणून घरातून निघण्यापूर्वी गुरुजींकडून स्वर लिहून घ्यावा. मी मंडळाच्या वेळी हा प्रश्नच विचारला नव्हता.

मग भोपळा. हा खायचा भोपळा नव्हे, कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे भीमेच्या काठी पिकतो. तो पूर्ण वाळलेला, जाड सालीचा आणि सगळीकडून सारखा गोल असावा. बोटाच्या पेराने वेगवेगळ्या जागी ठोकावे. एका जागी टणक आणि दुसऱ्या जागी भदभदीत आवाज आला तर तिथे साल पातळ आहे किंवा पॉलिशखाली लांबी भरून चीर बुजवली आहे. नक्षीकामाला नावे ठेवत नाही, ते कष्टाचे काम आहे, परंतु नक्षी भरपूर असली की तिच्याखाली काय आहे ते आधी बघावे. आमच्या कपाटातल्या तानपुऱ्याची चीर नेमकी पांढऱ्या वेलबुट्टीखालीच निघाली.

लाकूड बहुधा तुणाचे असते. हलके आणि मुरलेले हवे. दांडी डोळ्यासमोर बंदुकीसारखी आडवी धरून एका टोकाकडून पाहावी, वाक असेल तर लगेच दिसतो. दांडी जिथे भोपळ्याला मिळते तो गळा, त्या सांध्यावरून नख फिरवावे. तबली, म्हणजे भोपळ्यावरचे लाकडी झाकण, मध्यभागी किंचित फुगीर असते. घोडीखाली ती दबलेली दिसली तर ते वाद्य परत ठेवावे.

खुंट्यांची परीक्षा सर्वांत सोपी आहे आणि तीच कोणी करत नाही. चारही तारा स्वरात लावून घ्याव्यात, दुकानदाराला सांगावे की आम्ही चहा घेऊन येतो, आणि खरोखर तासभर बाहेर बसावे. परत आल्यावर खुंटीला हात न लावता छेडावे. नव्या तारा थोड्या उतरतात, ते चालते. सगळेच विस्कटले असेल तर खुंटी भोकात नीट बसलेली नाही. चांगला कारागीर या परीक्षेला हसत मान्यता देतो. जो रागावतो त्याच्याकडून घेऊ नये.

तारा किती ताणाव्यात यावरून आठवले. सोण कोळिविस हा भिक्खू चालून चालून पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करत होता. तो पूर्वी वीणा वाजवत असे. भगवंतांनी त्याला उपदेश करण्याऐवजी वीणेबद्दलच विचारले, तारा फार ताणल्या तर वाजते का, सैल सोडल्या तर वाजते का. अंगुत्तर निकायातली ही कथा आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. तिचा अर्थ मला मिरजेत खुंटी पिळताना कळला, तो प्रवचनात कळला नव्हता.

आता मुख्य गोष्ट म्हणजे जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी नाजूक उतार दिलेला असतो. तार तिथे एका बिंदूवर टेकत नाही, त्या उतारावर घासत थरथरते, आणि तारेखाली सरकवलेला सुती धागा, त्याला जीव म्हणतात, नेमक्या जागी आला की आवाज फुलतो. ही जवारी कानसने आणि कानाने काढतात. अर्धा केस जास्त घासला तरी आवाज बसतो. चारही तारांचा आवाज सारखाच फुलला पाहिजे. पंचमाची झणझणीत, जोड बरी आणि खर्ज मुकी, असे असेल तर काम अपुरे आहे. कसोटी अशी की, खर्जाची तार छेडून डोळे मिटावेत. कोणीही गंधार वाजवलेला नसताना गंधार ऐकू आला पाहिजे. तो खर्जाच्या पोटातच असतो, जवारी चांगली असली की बाहेर येतो.

इथे आमचे आबा उपयोगी पडले. तिसरा तानपुरा सर्वांत चमकदार होता आणि मुलीच्या वडिलांचा त्याच्यावर डोळा होता. आबांनी मधल्या दोन तारा, जोडीच्या, पुन्हा पुन्हा छेडायला लावल्या आणि म्हणाले, "ह्या दोघी भैनी न्हाईत. एक माहेरात, एक सासरात." कारागिरांनी त्यांच्याकडे रोखून पाहिले. "काय वाजवत होता, साहेब?" आबा जरा लाजले. "तुणतुणं." कारागीर म्हणाले, "एका तारेवर आयुष्य काढलेल्याला चार तारा फसवत नाहीत." त्यांनी चमकदार वाद्य बाजूला ठेवून दुसरा, साधा, जवळजवळ बिननक्षीचा तानपुरा पुढे केला. तोच घेतला.

वीणेच्या आवाजाविषयी दीघ निकायात एक जागा आहे. पंचशिख नावाचा गंधर्व वीणेवर गातो, तेव्हा भगवंत त्याची तारीफ करतात ती अशी की, तारेचा स्वर गाण्यावर चढत नाही आणि गाणे तारेवर चढत नाही. तानपुरा घेताना मुलीला त्याच्यासोबत गाऊन पाहायला सांगावे. वाद्य नुसते ऐकायला गोड असून भागत नाही, तिचा आवाज त्यात बुडता कामा नये.

घोडीबद्दल एक सूचना. जुन्या वाद्यांना हस्तिदंत किंवा सांबरशिंग असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ती खरेदी-विक्री गुन्हा आहे. "खास तुमच्यासाठी अस्सल शिंगाची" असे कोणी कानात सांगितले तर उठावे. उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम घोडी मिळते आणि उत्तम वाजते. पक्के बिल घ्यावे, त्यावर वाद्याचा प्रकार आणि घडवणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. घासाघीस मात्र भाजीसारखी करू नये. गल्लीतली तरुण पोरे दुसरी नोकरी शोधतात याचे कारण हेच आहे. आपण कष्टकऱ्यांची लेकरे; दुसऱ्याच्या कष्टाचे दाम पाडताना तरी आपल्याला ते आठवावे. कव्हर आणि तारांचा एक जादा संच धरून आमचे पंचवीस हजारांत बसले. नक्षीचे पैसे वाचले म्हणून बसले. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर आपली मंडळे काय उधळतात, त्याचा हिशेब मी खजिनदार म्हणून पाहिलेला आहे. तो आकडा इथे लिहीत नाही.

काही घरांत मुलांना गिटार हवी असते. त्यातही हेच. दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहावी. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर कोवळी बोटे सोलवटतात आणि मूल महिन्यात सोडून देते, मग आपण म्हणतो त्याला गोडी नाही. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. तिथे दाबून वाजवलेला स्वर आणि तिथेच तारेला नुसते बोट टेकवून काढलेला स्वर एकच आला पाहिजे. पुढची फळी सलग लाकडाची असेल तर आवाज वयाबरोबर सुधारतो, प्लायवूडचा तसा सुधारत नाही.

घरी आणल्यावर आपल्याकडचा पावसाळा सांभाळायचा. जून ते सप्टेंबर तानपुरा ओल्या भिंतीला टेकवू नये, कव्हरमध्ये उशीच्या आधाराने ठेवावा, आणि बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा किंचित उतरवाव्यात. भोपळा म्हणजे शेवटी फळाची साल, लहान मुलाच्या एका लाथेने फुटतो. जवारी वापराने झिजते. आवाज सपाट वाटू लागला की मिरजेला न्यावी, घरी कानस लावू नये.

येताना गाडीत गर्दी होती. आबा खिडकीशी बसले, तानपुरा मांडीवर उभा धरून, मिरजेपासून कोल्हापूरपर्यंत. कोणी विचारले की सांगत, "नातीचा हाय." आमच्या कपाटातला तानपुराही मी पुढच्या महिन्यात त्याच कारागिरांकडे नेला. चीर भरता येईल, खुंट्या नव्या बसवाव्या लागतील, असे ते म्हणाले. यावेळी एकच दरपत्रक घेतले आहे. मुलांचा वर्ग वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून पुन्हा सुरू करायचा ठराव मंडळाने केला आहे, आणि मागच्या ठरावातले गोडीबद्दलचे वाक्य खोडून त्याखाली मी सही केली आहे.