ओले धान्य वर ठेवा

बाजारात एक व्यापारी धान्याची रास मांडून बसला होता. वरचे दाणे सुके, स्वच्छ दिसत होते. मुहम्मद पैगंबर तेथून जात होते. त्यांनी राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विचारल्यावर व्यापारी म्हणाला, पावसात भिजले. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसले असते, असे पैगंबरांनी त्याला सुनावले. फसवणारा आपल्यातला नव्हे, असेही बजावले.

हदीसमधील हा प्रसंग लहान आहे, पण त्याचा अर्थ मोठा आहे. व्यापारी खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त दोष झाकला होता. इस्लामच्या दृष्टीने तेवढाही अपराधच. कुराणातील ८३ व्या अध्यायाला तर मापात मारणाऱ्यांवरूनच नाव पडले आहे. स्वतः घेताना पुरेपूर मापून घेणारे आणि देताना कमी देणारे, अशांना तेथे कडक इशारा आहे. नमाज आणि रोजे यांच्याइतकीच तराजूचीही दखल घेतलेली आहे.

नुकसान सोसून सचोटी

भारतातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान ज्यांची विधिपरंपरा मानतात, ते इमाम अबू हनीफा (इ.स. ६९९-७६७) इराकमधील कूफा शहरात कापडाचा व्यापार करीत. त्यांच्याविषयी अशी कथा सांगतात की, एका कापडात खोट होती. ती गिऱ्हाइकाला दाखवूनच माल विका, असे त्यांनी भागीदाराला सांगितले होते. भागीदार विसरला. गिऱ्हाईक निघून गेले, त्याचा ठावठिकाणा लागेना. तेव्हा इमामांनी आलेली सारी रक्कम दान करून टाकली. नफ्यावर पाणी सोडले, पण मन स्वच्छ ठेवले.

शत्रूचीही ठेव

आपण बँकेत, भाड्याच्या घरासाठी ‘अनामत’ रक्कम ठेवतो. हा शब्द अरबी ‘अमानत’वरून आला आहे. विश्वासाने सोपवलेली वस्तू म्हणजे अमानत. मक्केत पैगंबरांना लोक ‘अल्-अमीन’, म्हणजे विश्वासू, म्हणत. विरोध करणारेही आपल्या मौल्यवान वस्तू त्यांच्याकडेच ठेवीत. इ.स. ६२२ मध्ये जिवावर बेतले आणि त्यांना मक्का सोडावी लागली. त्या वेळीही लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवले, असे चरित्रकार सांगतात. हाती आलेली शत्रूंची संपत्ती त्यांना सहज नेता आली असती.

अमानत केवळ पैशाची नसते. मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेले गुपित हीसुद्धा अमानतच. पाठीमागे कुणाची निंदा करणे हे कुराणाने मेलेल्या भावाचे मांस खाण्यासारखे मानले आहे. अकराव्या-बाराव्या शतकांतील विचारवंत इमाम गझाली यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथाचा एक भाग उपासनेला दिला, तर दुसऱ्यात जेवणखाण, विवाह, कमाई, प्रवास अशा रोजच्या गोष्टींचा विचार केला.

प्रार्थनेत झुकलेले मस्तक सर्वांना दिसते. राशीच्या आत काय आहे, ते मात्र ज्याचे त्यालाच ठाऊक असते. ओले धान्य वर ठेवण्याचे धैर्य हीच भक्तीची खरी कसोटी.